ट्रिम, पुढच्या खेपेला

नयन भोईरला "बस" म्हटलं की तो आधी खुर्चीकडे बघतो, मग घड्याळाकडे, आणि मग उभाच राहतो. तेरा वर्षं मी हे बघते आहे. नौपाड्यातल्या माझ्या पॅथॉलॉजी लॅबमधलं कॉम्प्युटरचं जाळं तो सांभाळतो. माणूस सरळ आहे, पण त्याच्याकडे नुसतं पाहिलं तरी आपल्याला दमायला होतं. पाठीवर काळी बॅग, तिचा एक पट्टा दोऱ्याने शिवलेला, शर्टाच्या खिशात निळी डायरी आणि डोळ्यांखाली कित्येक वर्षांची राहिलेली झोप.

राहायला ठाकुर्लीला. वडील काळुराम खाडीकाठच्या मिठागरात राबले, थोडी भातशेतीही होती. पुढे त्या जमिनीवर इमारत झाली आणि भावाभावांना फ्लॅट मिळाले. चुलतभाऊ आता सकाळचा चहा घेऊन नाक्यावर बसतात आणि बॅग लावून निघालेल्या नयनला रोज विचारतात, "काय रे, आज कोणाचं नेट झोपलं?" आई सगुणाबाई ऐंशीच्या पुढच्या. त्यांचं एकच पालुपद, "कवरा फिरशील रं, बस आता." पण नयनला बसता येत नाही. आयटीआय करून त्याने आधी टीव्ही दुरुस्त केले. लोक टीव्ही दुरुस्त करण्याऐवजी फेकून द्यायला लागले तेव्हा तिशीत कॉम्प्युटर शिकला. आज आंबिवलीच्या एका शाळेपासून ठाण्यात आमच्यापर्यंत सदतीस ठिकाणं त्याच्या एकट्याच्या गळ्यात आहेत. हाताखाली माणूस घे म्हटलं तर म्हणतो, "त्याला शिकवायला वेळ कुठंय मॅडम?"

त्याच्या डायरीची एक गंमत आहे. प्रत्येक ठिकाणाला एक पान. वर झालेली कामं, खाली राहिलेली, आणि राहिलेल्या प्रत्येक कामापुढे तीन शब्द: 'पुढच्या खेपेला करणे'. जानेवारी आला की नवी डायरी आणतो आणि जुनीतली राहिलेली कामं एका रविवारी बसून हाताने उतरवून काढतो. मी एकदा म्हटलं होतं, "नयन, तुझ्या डायरीत मागच्या खेपेचं काही असतं का रे?" तो हसला होता. त्या डायरीत माझ्याही पानावर एक ओळ सात वर्षं उतरवली जात होती, हे तेव्हा मला माहीत नव्हतं.

आता दुसऱ्या माणसाबद्दल. रखमाबाई. बावीस वर्षं आमच्याकडे आहेत. सकाळी साडेसहाला शटर वर करायचं, दिवसभर केर-फरशी, नळ्या, बाटल्या, चहा, आणि सगळे गेले की शटर खाली. माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे मोठ्या डॉक्टरांनी, त्यांना पहिल्या दिवशी बजावलं होतं, "जाताना मेन बंद. काही झालं तरी." फ्रीजची लाइन वेगळी, बाकी सगळं बंद. सांगायची तशी गरज नव्हती. रखमाबाईंचे यजमान महिपत भिवंडीकडे ज्या गोदामात कामाला होते ते शॉर्ट सर्किटने जळलं होतं. महिपत वाचले, पण हात गेले ते गेलेच, आणि चार वर्षांत तेही गेले. तेव्हापासून बाई कुठल्याही खोलीत शिरल्या की आधी नाकाने वास घेतात. मेन बंद करणं हा त्यांचा संध्याकाळचा देवापुढचा दिवा होता.

आणि तिसरी ती पेटी. रिसेप्शनमागच्या फळीवर एक काळी, वहीएवढी पेटी असते, तिला फायरवॉल म्हणतात. लॅबमधून बाहेर जाणारा आणि बाहेरून आत येणारा प्रत्येक कागद, म्हणजे कागद नव्हेच, पण तुम्ही समजून घ्या, तिच्यातून जातो. नको ते ती अडवते आणि सगळ्याची नोंद आपल्या पोटातल्या डिस्कवर लिहून ठेवते. या डिस्कला एसएसडी म्हणतात. पेटी नयननेच बसवलेली.

गेल्या उन्हाळ्यापासून ती पेटी रखडायला लागली. सकाळी दहाला रिपोर्ट लोकांच्या मोबाइलवर जायला हवेत, ते बारा-बारा वाजेपर्यंत अडकून पडायचे. उपाशीपोटी रक्त देऊन गेलेली माणसं काउंटरला येऊन माझ्यावर ओरडायची, मी रिसेप्शनच्या प्राचीवर ओरडायची आणि प्राची फोनवर नयनला ओरडायची.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात नयन आला. त्या दिवशी तो आंबिवलीहून कल्याण, कल्याणहून डोंबिवली असं करत आमच्याकडे पोचला होता, आणि इथून पुढे त्याला अजून दोन ठिकाणी जायचं होतं. मी विचारलं, "काय होतंय रे हिला?" त्याने फळीकडे पाहिलं, मेन स्विचकडे पाहिलं आणि म्हणाला, "मॅडम, रोज रात्री मेन बंद करतात ना, त्याने होतं. चालू मशीनची वीज अशी खेचायची नसते." पेटी बंद करून परत चालू केली आणि गेला.

हे अर्धं खरं होतं. अर्धं खरं बोलायला कष्ट पडत नाहीत, आणि दमलेल्या माणसाला तेच परवडतं.

मी रखमाबाईंना बोलावलं. "आजपासून मेन बंद करायचा नाही." त्यांचा चेहरा पडला. "म्याडम, आग लागली म्हंजी?" मी म्हटलं, "नाही लागत. मशीन खराब होतंय तुमच्यामुळे." तुमच्यामुळे हा शब्द मीच वापरला, नयनने नव्हे.

नंतर आठ दिवस पेटी बरी चालली. त्या आठवड्यात धो धो पाऊस होता, पेशंट कमी होते, म्हणून ती बरी चालली होती, पण मला ते काय ठाऊक? कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडली. मी समजले, दुखणं सापडलं. मग ऑगस्टमध्ये पुन्हा रखडायला लागली तेव्हा माझ्या डोक्यात एकच आलं, बाई जुन्या सवयीने मेन बंद करतायत आणि नाही म्हणून सांगतायत.

मी तीनदा विचारलं. तिन्ही वेळा त्यांनी "न्हाई बंद करत म्याडम" म्हणून सांगितलं. तिसऱ्यांदा तर डोळ्यांत पाणी आलं, आणि मी, माणसांची रक्तं तपासून पोट भरणारी बाई, मनात म्हणाले, पकडली गेली म्हणून रडतेय.

ऑक्टोबरच्या पहिल्या शुक्रवारी एका म्हाताऱ्या पेशंटचा रिपोर्ट वेळेवर गेला नाही. त्यांचा मुलगा सगळ्यांसमोर मला नाही नाही ते बोलला. त्या संध्याकाळी मी रखमाबाईंना सांगितलं, "एक तारखेपासून येऊ नका. वय झालं तुमचं, आता आराम करा." त्या "बरं" म्हणाल्या आणि कप विसळायला गेल्या. नुसतं "बरं". भांडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

रात्री नयनला फोन केला. म्हटलं, "रविवारी दुपारी लॅब बंद असते, येऊन ती पेटी एकदाची नीट कर. एक तारखेपासून नवीन बाई येतेय, तिला पहिल्यापासून नीट सवय लावू."

"रखमामावशी कुठे गेल्या?"

"काढलं त्यांना. तूच बोललेलास ना मेनचं."

 तो म्हणाला, "हो. बोललेलो." आणि फोन ठेवला.

पुढचं मी पाहिलेलं नाही. काही नयनने सांगितलं, काही रखमाबाईंनी, आणि दोघांचं जुळतं.

रविवारी दोन वाजता रखमाबाईंनी त्याच्यासाठी अर्धं शटर उघडलं. त्याने फळीखाली स्टूल ओढलं, त्यावर बॅगेतला छोटा स्क्रीन आणि कीबोर्ड ठेवून पेटीला जोडला. स्क्रीनवर ओळी आल्या. त्यात एक ओळ असते, पेटी न थांबता किती दिवस चालू आहे त्याची. तिथे आकडा होता चौऱ्याण्णव.

म्हणजे नयनने जुलैत पेटी चालू केली त्या दिवसापासून ती एकदाही बंद झाली नव्हती. एका रात्रीसुद्धा नाही. गणपतीत दीड दिवस लॅबला कुलूप होतं, तेव्हाही नाही. रखमाबाई खरं बोलत होत्या आणि त्याचा पुरावा माझ्या टेबलापासून सहा पावलांवर फळीवर पडून होता.

नयनला हा आकडा नवीन नव्हता. ठाकुर्लीहून, घरच्या कॉम्प्युटरवरून, त्याने ऑगस्टमध्ये एकदा आणि सप्टेंबरमध्ये एकदा तो पाहिला होता. दोन्ही वेळा त्याला कळलं होतं की मेनचं कारण नाही. दोन्ही वेळा त्याने डायरीत लिहिलं, 'नौपाडा लॅब, नीट बघणे, पुढच्या खेपेला'.

मग त्याने दुसरी ओळ काढली. ट्रिम: बंद.

हे ट्रिम म्हणजे काय ते मला त्याने नंतर तीनदा समजावलं. आपण कॉम्प्युटरमधून एखादी गोष्ट पुसली की ती फक्त यादीतून जाते. डिस्कला कोणी सांगत नाही की ती जागा आता मोकळी आहे. बिचारी डिस्क ते नको असलेलं सगळं जपत बसते, नवीन काही लिहायचं झालं की जुनं इकडून तिकडे हलवत बसते, आणि दिवसेंदिवस संथ होत जाते. ट्रिम चालू असलं की पुसल्याबरोबर डिस्कला निरोप जातो, हे टाकून दे. हे चालू करायला पेटी थांबवावी लागते, तिच्यासमोर बसावं लागतं, एक ओळ टाइप करावी लागते. लांबून होत नाही. दहा मिनिटांचं काम. पेटी बसवली त्या दिवशी ते करायचं राहिलं होतं, कारण नयनला डोंबिवलीला जायचं होतं. 'ट्रिम, पुढच्या खेपेला करणे'. सात जानेवाऱ्या त्याने ती ओळ एका डायरीतून दुसरीत उतरवली. सात वेळा उतरवण्यात जेवढा वेळ गेला तेवढ्यात काम झालं असतं.

आता पेटी थांबवायची म्हणजे तो चौऱ्याण्णवचा आकडा पुसणार. परत चालू झाली की शून्यापासून मोजणार. नयनला हे माहीत होतं. खिशात मोबाइल होता, एक फोटो काढला असता तर रखमाबाई सुटल्या असत्या, आणि ट्रिमचं कोणाला कळलंही नसतं. त्याने फोटो काढला नाही. हात सवयीने गेला आणि त्याने पेटी बंद केली. मी त्याला विचारलं, मुद्दाम केलंस की चुकून? तो म्हणाला, "खरं सांगू मॅडम? मला पण नाही माहीत."

पेटी पुन्हा जागी होताना त्याने तिला अर्ध्यावर धरलं, ती ओळ टाइप केली. मग सात वर्षांचं साचलेलं एकदा झाडून काढायची दुसरी ओळ. स्क्रीनवर आकडे सरकायला लागले. तेवढ्यात रखमाबाई चहा घेऊन आल्या आणि शेजारी उभ्या राहिल्या.

"काय झाल्तं हिला, दादा?"

त्याने सोप्या शब्दांत सांगितलं. रखमाबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हंजी आपला लाल ठिपका."

लॅबमध्ये ज्या नळीचं काम झालं, ठेवायची मुदत संपली, तिच्या झाकणावर लाल पेनने ठिपका मारतात. ठिपका असला की रखमाबाई टाकतात. नसला तर त्या हात लावत नाहीत, मग फ्रीज भरून वाहिला तरी चालेल.

"तोच," नयन म्हणाला.

"मंग ठिपका मारायचा राहिला व्हता. आत समदं भरून बसलं."

"हो."

"कुणी मारायचा व्हता?"

रखमाबाईंनी हे साधं विचारलं, जसं त्या प्राचीला विचारतात, ही नळी कुणाची गं. त्यांच्या मनात दुसरं काही नव्हतं. नयन सांगतो, चहाचा कप त्याने स्टुलावर ठेवला.

"मी, मावशी. सात वर्षं झाली."

त्यांनी दाराजवळच्या स्विचकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "आन् मेन?"

"मेनने नाही झालं. तुम्ही बंद करत नव्हतात, ते पण मला माहीत होतं."

रखमाबाई त्याला म्हणाल्या, "या हिकडं." दाराशी नेलं आणि मेन स्विच दाखवला. स्विचच्या दांडीवर रक्त घेतल्यावर लावतो ती पांढरी चिकटपट्टी आडवी लावलेली होती, दोन थर. जुलैत मी ओरडले त्या संध्याकाळीच त्यांनी ती लावली होती. बावीस वर्षांची सवय, हात आपोआप जायचा, म्हणून हाताला आठवण. पट्टी कडेने काळी पडली होती, धूळ बसली होती, पण कुठे उचकटलेली नव्हती. मी त्या दारातून दिवसातून दहादा जाते-येते. मला ती दिसली नव्हती.

त्यांनी अजून एक सांगितलं. मेन चालू ठेवून घरी गेलं की झोप लागायची नाही. गणपतीच्या सुट्टीत त्या लोकमान्यनगरहून रिक्षा करून इथे आल्या होत्या, कुलूप लावलेल्या शटरला नाक लावून जळका वास येतोय का बघायला. दोन्ही दिवस.

नयनने तिथूनच मला फोन केला. नौपाड्यात रविवारी दोन ते चार फोन करणाऱ्याला माफी नसते. मी उचलला तो तडकूनच. तो म्हणाला, "मॅडम, मावशींनी मेन कधीच बंद नाही केला. चूक माझीये. पुरावा होता, तो आता मी पुसला. माझा शब्द घ्या." मग त्याने सगळं सांगितलं, डायरीसकट. शेवटी म्हणाला, "मला काढलंत तर चालेल. त्यांना नका काढू."

चोर सोडून संन्याशाला फाशी, असं आपण दुसऱ्यांबद्दल किती सहज म्हणतो. मी गाउनवर ओढणी घेऊन तशीच निघाले. घर ते लॅब पाच मिनिटं. वाटेत मला नयनचा राग येत होता, आणि कोपऱ्यावरच्या दवाखान्यापाशी लक्षात आलं की हा राग मला घरी ठेवून यायला हवा होता, कारण त्याने निदान स्वतःहून सांगितलं. मला तर कोणी सांगेपर्यंत काही दिसलंच नाही.

लॅबच्या पायरीवर नयन बसला होता. तेरा वर्षांत मी त्याला पहिल्यांदा बसलेलं पाहिलं.

"का सांगितलंस?" मी विचारलं. हा काय प्रश्न झाला, पण तोंडातून निघाला. "गप्प राहिला असतास तर कळलं नसतं कोणाला."

"दमलोय मॅडम," तो म्हणाला. "खोटं सांभाळायला पण अंगात जोर लागतो. सदतीस पानं सांभाळतोय आधीच."

आत रखमाबाई तो एकच कप पुन्हा पुन्हा विसळत होत्या. मी त्यांच्यासमोर उभी राहिले. हात जोडले. आयुष्यात पेशंटच्या नातेवाइकांसमोर जोडले असतील, रखमाबाईंसमोर कधी नाही. म्हटलं, "रखमाबाई, चुकलं माझं. तुम्ही कुठेही जायचं नाही."

त्यांनी कप पालथा घातला, पदराला हात पुसले. "येते उद्या," म्हणाल्या. कामाची गरज त्यांना होती, मानाने निघून जाण्याची चैन त्यांना परवडणारी नव्हती, आणि ते आम्हा दोघींना माहीत होतं. मग थांबून म्हणाल्या, "मी तीन डाव सांगितलं व्हतं म्याडम. त्यांनी एक डाव सांगितलं."



तोवर पेटी चालू झाली होती. नयन म्हणाला, आता मेन रात्री चालूच ठेवा, विजेवर असली की ती रात्रीची आपली आपण आवरते. रखमाबाईंनी मान हलवली. त्याने खिशातून डायरी काढली, आमचं पान काढलं आणि ट्रिमच्या ओळीवर काट मारली. मी डायरी घेऊन बाकीची पानं चाळली. एकवीस ठिकाणी तीच ओळ होती. नयनने डायरी माझ्या हातातून घेतली आणि म्हणाला, "दर रविवारी एक. आईला सांगून टाकतो, एवढं झालं की बसतो."

मला काहीतरी करावंसं वाटत होतं, भरपाईसारखं. मी नयनला म्हटलं, "तो किती दिवस चालू आहे त्याचा आकडा मला माझ्या कॉम्प्युटरवर दिसेल असं करून दे." त्याने माझ्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर त्या आकड्याचं पान उघडून दिलं. अकरा मिनिटं. मी उत्साहाने रखमाबाईंना बोलावलं. "हे बघा. आता मला इथे रोज दिसेल मेन चालू आहे ते. पुन्हा तुमच्यावर कोणी संशय घेणार नाही."

रखमाबाईंनी त्या आकड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"म्हंजी रोज बघणार व्हय?" त्यांनी विचारलं.

नयनने वाकून ते पान बंद केलं. ते पुन्हा कसं उघडायचं हे मी त्याला आजतागायत विचारलेलं नाही.